मार्टा बेवर नाव घेऊ नये

जहाज लागलं की टोबॅगो बेटाच्या धक्क्यावरच्या टॅक्सीवाल्यांच्या जिभेला हाड राहत नाही. व्हर्लिन मात्र गाडीची काच पुसत गप्प उभी राही. ती गिऱ्हाइकामागे धावायची नाही, तरी गिऱ्हाईक नेमकं तिच्याकडेच यायचं, आणि बाकीच्यांचा जळफळाट व्हायचा.

त्या दिवशी आलं ते एक इंग्रज कुटुंब. ब्रिजेट, तिचा नवरा डेरेक आणि सहा वर्षांची टेसा. ब्रिजेटला उथळ पाणी हवं, सावली हवी, गर्दी नको, आणि जहाज सुटायच्या आत परत यायचं.

"वाऱ्याकडच्या अंगाला समुद्रशेवाळ कुजलंय, नाक धरून बसाल," व्हर्लिन म्हणाली. "आणि पांढऱ्या वाळूकडे आज दोन जहाजांची जत्रा आहे."

"मग मार्टा बेच्या किनाऱ्यावर ने ना, टँटी," शेजारच्या गाडीतून अल्फॉन्स बोलला. तो ट्रिनिदादहून नवाच आलेला, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. "कमरेइतकं पाणी, बदामाची सावली, चिटपाखरू नाही."

"तुला कुणी विचारलं का रे, दीडशहाण्या?"

पण ब्रिजेटने ते ऐकलं होतं. तिला तिथेच जायचं होतं.

रस्ता खचलाय म्हटलं असतं तर विषय मिटला असता. व्हर्लिनने टेसाकडे पाहिलं. तिची लेक जोसेट गेली तेव्हा एवढीच होती. खरं सांगायचं तर व्हर्लिनलाही जायचं होतं. एवढंसं पोर नेलं तर कदाचित ती दिसेल, निदान आवाज तरी ऐकू येईल. दुसऱ्याच्या लेकराचं आमिष लावायचं मनात आलं याची तिला भयंकर लाज वाटली. तरी तिने गाडी त्याच वाटेला घातली.

जोसेटचा बाप्तिस्मा राहून गेला होता. टोरोंटोहून धर्ममाता येणार, या नाताळाला नाही तर त्या ईस्टरला, असं करता करता पोर सहा वर्षांची झाली. बाप्तिस्म्यावाचून मेलेली मुलं झाडीत राहतात, त्यांची पावलं उलटी असतात, कानावर पडलेलं नाव ती धरून ठेवतात आणि त्याच नावाने हाक मारून मुलांना नेतात. त्यांना डुएन म्हणतात. म्हणून तिथली कुठलीच आई उघड्यावर लेकराला नावाने हाक मारत नाही. व्हर्लिनला हे का ठाऊक नव्हतं? पण त्या संध्याकाळी मार्टा बेवर ती मासे साफ करत होती, हात बरबटलेले होते, उठायचा कंटाळा केला आणि बसल्या जागेवरून ओरडली, "जोसेट, ए जोसेट." मागे राहिली ती एक चप्पल.

त्यानंतर व्हर्लिनने ते नाव तोंडातून काढलं नाही. मार्टा बेच्या फाट्यावरून नुसतं जायची वेळ आली तरी त्या दिवशी घरात ती पाठमोरी शिरायची, म्हणजे मागोमाग कुणी आत येत नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर तिने ब्रिजेटला बजावलं, "बाई, इथे पोरीला नावाने हाक मारू नका. बाळ म्हणा, छबी म्हणा, काही म्हणा."

"का बरं?"

"आमच्याकडे पद्धत आहे."

"बरं बाई, छबी तर छबी," ब्रिजेट हसून म्हणाली. थोडा वेळ तिने पाळलंही. मग डेरेक पाण्यात शिरला, ती पुस्तकात गुंतली, आणि टेसा झाडीजवळ गेलेली दिसताच सवयीने ओरडली, "टेसा, लांब जाऊ नकोस."

व्हर्लिनने कान टवकारले.

काही वेळाने बदामाच्या झाडीतून बारीक आवाज आला, "टेसा." हाकेचं शेवटचं अक्षर लांबवलेलं. व्हर्लिन जोसेटला हाक मारताना तसंच लांबवायची.

टेसा वाळूवर नव्हती. ब्रिजेट उठली, नावाने हाका मारत सुटली. व्हर्लिनने तिच्या तोंडावर हात दाबला. "गप्प बसा, पाया पडते."

वाळूत टेसाची पावलं झाडीकडे गेली होती. शेजारी तेवढीच लहान पावलं झाडीतून समुद्राकडे आल्यासारखी दिसत होती, पण दोन्ही बरोबरीने, एकमेकांना चिकटून चालली होती. त्यांतलं एकच पोर जोडे घालून होतं.

आता करायचं एकच होतं, आणि त्याचीच व्हर्लिनला इतकी वर्षं धास्ती होती.

"जोसेट," ती ओरडली. आवाज फाटला. "ए जोसेट. तिला सोड गं माझ्या राणी. मी आलेय, तुझी आई."

झाडी गप्प झाली. मग पानं हलली आणि टेसा एकटीच चालत बाहेर आली. ब्रिजेट तिला छातीशी धरून रडू लागली.

"कुठे गेली होतीस?" डेरेकने धापा टाकत विचारलं.

"तिच्याबरोबर," टेसा म्हणाली. मग व्हर्लिनकडे बघून म्हणाली, "ती म्हणाली, बाहेरून येणाऱ्या सगळ्यांच्या आया हाका मारतात. माझीच मारत नाही."

व्हर्लिन वाळूत बसली ती कितीतरी वेळ उठली नाही.

व्हर्लिनने त्यांना वेळेत परत आणलं. धक्क्यावर ब्रिजेटने नजर न भिडवता पैसे दिले आणि ती पोरीला घेऊन भराभरा जहाजाकडे निघाली.

संध्याकाळी व्हर्लिन घरी आली. उंबऱ्याशी सवयीने पाठ फिरवली, आणि थांबली. मग सरळ तोंडाने आत गेली आणि दार उघडंच ठेवलं.