बिनवायरीचं बटण

आबासाहेबानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लांबच्या प्रवासाची मोटरसायकल घेतली तेव्हा तिच्या हँडलवर तीन बटणं नुसती शोभेची होती. महागड्या मॉडेलला त्यांची कामं असतात, आमच्या मॉडेलला फक्त बटणं. त्यातलं एक थंडीत मुठी गरम करायचं. इथं सोलापुरात एप्रिलमध्ये हँडल धरायला फडकं लागतं. तरी हा प्रत्येक सिग्नलला ते दाबून बघायचा, आणि मी हसले की चिडायचा.

आमचं लग्न आमच्या पसंतीचं. तो वैरागचा, मी मैंदर्गीची, आमच्या घरात कानडी. लग्नाला माझे वडील, आप्पा, आले, जेवले, पण दोन वर्षांत जावयाशी थेट एक शब्द बोलले नाहीत. समोर बसलेल्या माणसाला पाणी हवं का, हेसुद्धा मला विचारायचे. आबासाहेब वरवर हसायचा, पण त्याला ते फार लागायचं. मलाही.

फेब्रुवारीत आप्पा डोळे तपासायला आले आणि त्यांची परतीची एसटी चुकली. नाइलाजानं ते मोटरसायकलवर बसले. अक्कलकोटच्या अलीकडं डेअरी दिसली तशी त्यांनी मागून हाक दिली, "हालू." कानडीत हालू म्हणजे दूध. वाऱ्यात आबासाहेबाला ऐकू आलं, हळू. सासरा आपल्याशी बोलला यातच गडी भरून पावला आणि त्यानं वेग निम्म्यावर आणला. आप्पा आणखी ओरडले, यानं वेग आणखी कमी केला. डेअरी मागं पडली, उसाची बैलगाडी पुढं निघून गेली, आणि आप्पा दुधाशिवाय घरी पोचले. फोनवर मला म्हणाले, तुझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही.

मी इतकी हसले की आबासाहेबानं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो विजापूर वेशीत खालिदभाईंकडं गेला. ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. कंपनीनं बटण दिलंय, वायर द्यायची विसरली, असं म्हणत त्यांनी दोन हेल्मेटांत बोलायचा संच बसवला आणि आबासाहेबाचा माइक त्या मुठीच्या बटणावर घेतला. एकदा दाबलं की ते चालूच राहतं, बोलून झालं की परत दाबायचं, असं चारदा बजावलं.

पुढच्या महिन्यात आप्पा चष्मा न्यायला आले. शपथा घालून मी त्यांना मागं बसवलं. आबासाहेबानं बटण दाबून 'नीट बसलात का' विचारलं आणि बटण बंद करायला विसरला. मग हा माझ्याकडून शिकलेलं वाक्य मनाशीच, पण मोठ्यानं, घोकत राहिला, "मामा, नन म्याल सिट्टू माडब्याड." म्हणजे, माझ्यावर रागावू नको. वळसंगपर्यंत वीसेक वेळा तरी झालं असेल.

तेव्हा त्याच्या कानात आप्पांचा आवाज आला, "माडब्याड न्हाय. मोठ्या माणसाला 'माडब्याडरी' म्हणायचं."

आबासाहेबानं गाडी बाजूला घेऊन थांबवली. त्याला पुढं चालवताच येईना. आप्पा खाली उतरले नाहीत, त्याचं डोळे पुसून होईपर्यंत बसून राहिले.

हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी आबासाहेब मैंदर्गीलाच जेवायला थांबला, तेव्हा नेहमीप्रमाणं मी काळजीनं फोन केला आणि आप्पांना सांगू लागले, त्याला तिखट चालत नाही, त्याला लवकर भूक लागते.

"तू मधी बोलू नको," आप्पा म्हणाले. "आमचं आमी बघतो की."

त्यांनी फोन ठेवला, आणि मी ओट्याशी उभी राहून पोटभर रडले.