बातम्यांवाल्याचं टक्कल

"कसंय घर?" डोरीनने विचारलं.

"छपराची मागची बाजू बसलीय. न्हाणीघरात झाड उगवलंय," विल्फ टीव्हीकडे बघत म्हणाला. "लिलावात न बघता घरं घ्यायची आणि मग दार उघडलं की तोंडाचा आ करायचा. अक्कल गहाण टाकलेली माणसं!"

"आणि घर घेणाऱ्याची बायको?"

"पिवळा कोट. नवऱ्याकडे अशी बघतेय, की आज तो गाडीतच झोपणार."

डोरीन खुदकन हसली आणि तिने चहाचा कप अंदाजाने टेबलावर ठेवला.

ग्रिम्सबी बंदरातल्या त्या म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या लहानशा घरात रोज सकाळी हेच चालायचं. दोन वर्षांपूर्वी डोरीनच्या नजरेच्या मधोमध काळोख साचला. कडेकडेचं थोडं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. डॉक्टरांनी हात टेकले. टीव्हीवरची माणसं बोलता बोलता गप्प व्हायची, नुसतं संगीत वाजायचं, आणि डोरीन विचारायची, "काय झालं रे? कुणी बोलत का नाही?" तेव्हापासून विल्फ सांगायला लागला.

आता हे वाटतं तितकं साधं नव्हतं. विल्फ म्हणजे पक्का घुम्या माणूस. उमेदीची सगळी वर्षं त्याने मासेमारीच्या जहाजावर, आइसलंडच्या बाजूला काढली. तीन-तीन आठवडे समुद्रावर, मग दोन-तीन दिवस घरी. आला की गरम पाण्याच्या टबात जाऊन बसायचा, आणि डोरीन दाराशी स्टूल टाकून त्याची हुकलेली मालिका त्याला सांगायची. कुणाचं कुणाशी फाटलं, पबची मालकीण कुणाबरोबर पळाली, सगळं. तो नुसता "हं" म्हणायचा. आपण भिंतीशी बोलतो, असं डोरीन अख्ख्या गल्लीला सांगत असे. पुढे जहाजं बंद पडली, तो गोदीत कामाला लागला, मुलगी लग्न होऊन गेली, तरी त्या "हं"च्या पुढे गाडी काही सरकली नाही.

आणि आता तोच विल्फ दिवसभर बोलत होता. पाककृती, बागकाम, जुन्या वस्तूंची पारख, स्नूकर, प्रश्नमंजूषा, काही म्हणून सोडत नव्हता. हवामानाचा नकाशा आला की त्याला चेव यायचा. हवामान सांगणाऱ्या त्या पोरीने जन्मात कधी वादळ पाहिलंय का, असं म्हणून तो पडद्यालाच झापायचा. मधूनमधून पदरचंही घालायचा. एका बाबतीत मात्र तो चक्क थापा मारत आला होता. दुपारच्या बातम्या देणारा गोड आवाजाचा माणूस डोरीनला फार आवडायचा, चांगले डोळे होते तेव्हापासून. विल्फने त्याचे केस हळूहळू गाळत आणले. गेल्या नाताळापर्यंत त्याला पुरं टक्कल पडलं होतं, आणि सध्या विल्फ त्याच्या हनुवटीवर चरबी चढवत होता.

त्या शुक्रवारी त्यांची मुलगी गेनर सुट्टी काढून आली ती भलंमोठं खोकं घेऊनच.

"बाबा, जरा हे टोक धरा. हळू! तुम्हाला जहाज नाही ओढायचंय." तिने नवा टीव्ही भिंतीला लावला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आई, हा स्वतः सांगतो. मालिकेतलं कुणी गप्प झालं, की एक बाई बोलते, काय चाललंय ते सांगते. आता बाबांच्या मागे लागायला नको. त्यांचीही सुटका."

"मला कशाला सुटका?" विल्फ म्हणाला. पण तो इतकं हळू म्हणाला की कुणाला ऐकूच गेलं नाही.

आधी बातम्या लागल्या. बातम्यांना ती बाई बोलत नसते. डोरीनने उसासा टाकला. "बिचारा! गेनर, फार चमकतं का गं त्याचं टक्कल?"

गेनरने पडद्याकडे पाहिलं. तिथे दाट, रुपेरी, नीट भांग पाडलेले केस होते. मग तिने बापाकडे पाहिलं. विल्फ चष्मा पुसण्यात गढून गेला होता.

"दिव्यांमुळे चमकतं," गेनर म्हणाली.

मग खुनाची एक जुनी गोष्ट लागली, आणि त्या बाईने तोंड उघडलं. स्वच्छ आवाज, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "पाद्री बागेतून येतो. त्याच्या हातात जांभळ्या काठाची छत्री आहे. तो चर्चच्या दाराशी थांबून मागे वळून पाहतो."

"बाई गं, किती छान सांगते!" डोरीन म्हणाली.

छत्री विल्फनेही पाहिली होती, पण काठ त्याला निळा वाटला होता. ही बाई खोकत नव्हती, अडखळत नव्हती, मध्येच डुलकी काढत नव्हती. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि उगाच किटली चढवली. बायकोशी नुसतं बोलायचं, मध्ये काही सांगण्यासारखं नसताना, हे त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. टीव्ही होता म्हणून दोन वर्षं निभावलं. आता तेही हातचं गेलं, तर आपण पुन्हा "हं"वर येणार, हे त्याला लख्ख दिसत होतं, आणि त्याची त्याला भीती वाटत होती.

चहाच्या वेळी प्रश्नमंजूषा झाली. नॉर्वेच्या उत्तरेला कुठला समुद्र, असा प्रश्न आला. एरवी विल्फ खुर्चीतून उठून ओरडला असता. तो बिस्किट चावत राहिला. गेनरने "बाल्टिक" असं ठोकून दिलं, तरी त्याने तिची चूक काढली नाही. डोरीनने मान किंचित तिरकी करून कान दिला.

रात्री मांडीवर ताटं घेऊन तिघं मालिकेला बसली. गेनरने दुकानातून तळलेला हॅडॉक मासा आणि बटाटे आणले होते, वर सढळ हाताने व्हिनेगर. मालिका तीच, न्हाणीघराच्या दाराशी सांगितली जायची ती. माणसं तेवढी बदलली होती. पबची आताची मालकीण ग्लेनिस, आणि तिचा नवरा डग घर सोडून निघालेला. दोघं एकदम गप्प झाली.

"ग्लेनिस काउंटरला टेकते," पडद्यातली बाई म्हणाली. "ती डोळ्यांना रुमाल लावते. डग दाराकडे चालत जातो."

"विल्फ?" डोरीनने हाक मारली.

"सांगितलं की तिने."

"तिने रुमाल सांगितला. ती खरंच रडतेय का?"

विल्फने पडद्याकडे पाहिलं. "छे! रुमालाआडून बघतेय, तो थांबतो का ते."

"मला वाटलंच! नाटकी बया. आणि डग?"

"त्याला जायचंच नाहीये. बोटीवर पहिल्यांदा पाय ठेवल्यासारखा चालतोय."

"गेनर," डोरीन म्हणाली, "त्या बाईला गप्प कर."

"अगं आई! ती सगळं अचूक सांगते. आणि बाबा..." गेनरच्या पोटात दुपारपासून मावत नव्हतं, ते शेवटी बाहेर पडलंच. "बाबांनी त्या बातम्यांवाल्याला टक्कल पाडलंय! चांगलं रान माजलंय केसांचं त्याच्या डोक्यावर!"

विल्फचे कान लालबुंद झाले. त्याने बटाट्याचा एक तुकडा काट्याने ताटभर फिरवला.

"ठाऊक आहे मला," डोरीन म्हणाली. "कडेने थोडं दिसतं अजून. आधी टक्कल, मग हनुवटी. पुढच्या नाताळापर्यंत ह्याने त्याचे दातही पाडले असते."

"मग रोज विचारतेस कशाला?" गेनर म्हणाली.

"म्हातारा अजून जळतो, हे ऐकायला." मग तिचा आवाज उतरला. "गेनर, जन्मभर मी बोलले आणि हा हं म्हणाला. डोळे गेले तेव्हा कुठे नवरा बोलायला लागला. आज दुपारपासून हा पुन्हा गप्प आहे. मला ऐकू येत नाही का?"

गेनरने बटण दाबलं. बाई थांबली.

विल्फने ताट बाजूला ठेवलं. "मी बोलायचो," तो म्हणाला. "बोटीवर."

"तू? काय बोलायचास?"

"तू सांगायचीस ते. मासे साफ करताना सगळे मागे लागायचे, डोरीनने काय सांगितलं, म्हणून. मी सगळी मालिका सांगायचो. अगदी तुझ्यासारखी, हातवारे करून. कप्तानसुद्धा खाली यायचा ऐकायला. बंदराला लागलो की आचारी म्हणायचा, पळ घरी, पुढचं ऐकून ये."

डोरीनने हात चाचपत पुढे केला. विल्फने तो धरला. दोघांचे हात व्हिनेगरने चिकट झाले होते.

"आणि मी समजत होते, भिंतीशी बोलतेय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते तिने पुसलं नाही.

"तूही पदरचं घालायचीस," विल्फ म्हणाला. "पबच्या त्या मालकिणीला तू दोनदा पळवलंस. नंतर जुने भाग पुन्हा लागले ना, तेव्हा पाहिलं मी. ती एकदाच पळाली."

"मग काय करणार?" डोरीन म्हणाली. "गोष्ट संपली की तू टबातून उठायचास, आणि उठलास की बोटीवर जायची वेळ जवळ यायची."

विल्फने तिचा हात घट्ट धरला. गेनर खाली मान घालून हॅडॉकचे काटे शोधत बसली, खरं तर त्यात एकही काटा नव्हता.

पडद्यावर पुन्हा सगळे गप्प झाले.

"सांग ना," डोरीन म्हणाली. "डग गेला का?"

"नाही," विल्फ म्हणाला. "दारातच थांबलाय."