झग्याखालचे सोडे

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. पत्र्याचा. माझ्या झाकणावर दोन मांजरे आहेत, त्यांतल्या एकाचे डोळे आता गंजले आहेत. मित्रांनो, मी फार भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पाचूबंदर कोळीवाड्यातल्या सालोमीबाईंच्या लग्नात कुणीतरी मला आहेर म्हणून आणले. बिस्किटे तीन दिवसांत संपली. मग त्यांच्या सासूबाईंनी स्वतः शिवलेला बाप्तिस्म्याचा पांढरा झगा माझ्यात ठेवला आणि माझी नोकरी पक्की झाली. त्या झग्यात सालोमीबाईंच्या फर्डिनंडचा बाप्तिस्मा झाला, मग एलिनाचा, आणि पुढे गल्लीतल्या नऊ बाळांचा. कौतुक झग्याचे व्हायचे. मी कपाटावर धूळ खात पडायचो. पण इतक्या वर्षांत मी झग्याला एक डाग लागू दिला नाही.

यंदा ऑस्ट्रेलियात एलिनाला मुलगी झाली. बाप्तिस्म्यासाठी झगा पाठवायचे ठरले, आणि झग्याबरोबर मलाही. फर्डिनंड खोका आणायला गेला तेवढ्यात सालोमीबाईंनी झग्याखाली एक पिशवी सारली. आत सोडे होते, सोलून उन्हात वाळवलेली कोलंबी. पिशवीला नुसते रबर लावलेले.

"बाळंतीन हाय पोरगी. तिकडं कोन देनार तिला सोडे?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

पोस्टात खिडकीवर उन्नती मॅडम होत्या. त्यांनी फॉर्म पुढे केला. "आत काय काय आहे ते एकेक लिहा. नुसतं गिफ्ट लिहून चालत नाही. वजन लिहा, किंमत लिहा. आत काही हलायला नको. आणि खायचं काही नाही ना? सुकी मासळी वगैरे?"

"नाही मॅडम. बाळाचा झगा आहे फक्त, डब्यात," फर्डिनंड म्हणाला. त्याला खरेच ठाऊक नव्हते.

"न लिहिलेलं काही सापडलं तर तिकडचे कस्टमवाले सगळंच ठेवून घेतात हो."

सालोमीबाई चपलांकडे बघत होत्या. सांगा, सांगा, असे मी आतल्या आत ओरडत होतो.

"आय, काही राहिलं का लिहायचं?"

"काय नाय," त्या म्हणाल्या. फर्डिनंडने सही केली.

पुढचे दिवस मी काळोखात काढले. कुठे आदळलो, कशाखाली दबलो, कळले नाही. एकदा जोरात आपटलो आणि रबर सुटले. सोडे झग्याच्या लेसमध्ये शिरले. त्यांचा भुगा मला बाह्यांमध्ये सरकताना जाणवत होता. मी झाकण आवळून धरले होते, पण आतूनच नासाडी चालली होती, त्याला मी काय करणार?

मग ऑस्ट्रेलियाच्या कस्टममध्ये एका यंत्राखालून मला नेले. टेप कापली गेली. हातमोजे घातलेल्या एका बाईने झाकण उघडले, वास घेतला आणि फॉर्म पुन्हा वाचला. सोडे तिने एका जाड पिशवीत टाकले. झगा उचलून उजेडात धरला. सासूबाईंनी काढलेली बारीक फुले तिने बराच वेळ पाहिली. मला वाटले, झटकेल आणि परत ठेवेल. तिने तोही पिशवीत टाकला. मला पुसून आत, काय काढून घेतले ते लिहिलेला एक कागद ठेवला आणि पुन्हा टेप लावली.

बाप्तिस्म्याच्या दोन दिवस आधी मी एलिनाच्या घरी पोहोचलो. कागद तिने उभ्यानेच वाचला. मग खाली बसली. मला मांडीवर घेऊन ती रिकाम्या तळाशी हात फिरवत राहिली. तेवढ्यात सालोमीबाईंचा फोन आला.

"पोचलं का गं? झगा घालून बघितला बाळाला?"

एलिनाने कागदाची घडी घातली. "बघितला, आय. मापात बसला."

"आनी सोडे?"

"छान आहेत."

"मंग चर्चमधला फोटो पाठव. भिंतीवर लावनार हाय मी."

एलिनाने हो म्हटले आणि फोन ठेवून माझे झाकण लावले.

मित्रांनो, आम्हा डब्यांना बोलता येत नाही. आमच्या वतीने बोलतो तो खोक्यावरचा कागद. त्यावर आत आहे ते सगळे लिहा, आणि लिहायची भीती वाटत असेल तर ती वस्तू आत ठेवूच नका. परवा सकाळी फोटो निघेल. सालोमीबाई तो मोठा करून बघतील, लेस शोधतील. मला आता त्या फोटोची भीती वाटते आहे.