सोल्डर पेस्टचा आराम

नोएडातल्या आमच्या कारखान्यात सर्वांत लाडकी बाई म्हणजे सोल्डर पेस्ट. मशीन सर्किट बोर्डावर बारीक पार्ट बसवतं, त्याआधी खाली लावायची ती राखाडी लेई. तिला स्वतःचा फ्रिज, स्वतःची एसी खोली, दाराला कडी. फ्रिजमधून काढली की चार तास आराम, मगच डब्याचं झाकण उघडायचं. गारठलेली तशीच वापरली तर ओल धरते आणि भट्टीत सोल्डरचे दाणे उडतात.

मी बाळंतपणाच्या रजेवरून परतले, त्याच सकाळी लाईनवर उभी.

माझी लेक लुंबिनी सात महिन्यांची. दूध काढायला मला दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं हवी होती, आणि बसायला जागा. महिनाभर टॉयलेटमध्ये उभ्यानं काढतेय. आता दुधानं बाटलीचा तळही झाकला जात नाही. सासूबाईंनी पावडरचं दूध आणूनसुद्धा ठेवलंय.

"पेस्टच्या खोलीत बसू का?" मी मॅनेजर साकेत सरांना विचारलं होतं.

"यार वैभवी, तिथे बसणं अलाउड नाही. प्रोसेस आहे."

गुरुवारी सर पेस्ट काढायलाच विसरले. दहाला डबा बाहेर आला, बर्फासारखा गार. पंख्यांच्या रिमोटचे दोन हजार बोर्ड वाट बघत होते.

"रजिस्टरमध्ये सहाची वेळ टाक आणि सही कर," सर हळूच म्हणाले. "तुझ्या पंधरा मिनिटांचं मी बघतो. बिल्कुल."

मी पेन उचललं. खरंच उचललं.

शेजारी चंद्रप्रभाताई भिंगाखाली बोर्ड तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या वेळचे दाणे आपणच चिमट्यानं वेचले, बाई. दोन रविवार गेले."

दोन रविवार म्हणजे लुंबिनीचे दोन अख्खे दिवस. मी दहाची वेळ लिहिली.

"आता दोनपर्यंत लाईन बंद," सर म्हणाले. "वरून फोन आला तर काय सांगू?"

"पेस्ट आराम करतेय म्हणून सांगा."

"आणि तू कुठे चाललीस?"

"तिचं तापमान नोंदवायला, सर. प्रोसेस आहे."

पेस्टच्या खोलीत आतून कडी लावून बसले. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग मोबाईलवर लुंबिनीचा रांगतानाचा व्हिडिओ लावला. दोनपर्यंत दीड बाटली भरली.

शुक्रवारी नोटीस लागली: पेस्टचं तापमान रोज अकरा आणि तीन वाजता, पंधरा मिनिटं, दार बंद ठेवून नोंदवावं. जबाबदारी: वैभवी. खाली साकेत सरांची सही, शिक्का.

"आईसाठी फॉर्मच नाहीये," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पेस्टसाठी हा होता."