भुरीसाठी अजून थोडं थांबा

पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या लेकीच्या, भुरीच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढला गेला. तेव्हापासून माझ्या तोंडातला घास तोंडातच फिरतोय.

मी भुरीची आई बोलतेय. आखातातल्या एका बेटावर, तुबली गावच्या गॅरेजांच्या मागं, खाडीच्या अंगाला आमचा गोठा आहे. वर पत्रा, भोवती लोखंडी पाइपांचं कुंपण. आम्ही दुधाच्या गाई नव्हे. मांसासाठी पाळलेली, मोठ्या वशिंडाची जात. लाल पट्टा म्हणजे कत्तलखान्याची गाडी. ती उद्या येणार.

वासरू होते तेव्हा मी बोटीतून इथं आले. बरोबरच्या सगळ्या एकेक करून गेल्या. आता माझ्या ओळखीचं इथं कुणी नाही. दुपारी खाडीवरून गरम, खारट वारा येतो, त्याच्याकडे तोंड करून उभी राहते. लेक आहे, पण पलीकडच्या कप्प्यात. पाइपांतून जीभसुद्धा तिच्यापर्यंत पोचत नाही.

भुरीचा गुन्हा एवढाच, की अडीच वर्षांची झाली तरी ती माजावर आली नाही.

गोठा सांभाळणारा गुंडू गडहिंग्लजकडचा. माणूस मायाळू, पण आम्हाला तो गावाकडच्या जर्सीच्या मापानं मोजतो. "एवढ्या वयात आमच्याकडची गाय एकदा व्याली असती," असं त्यानं मालकांना सांगितलं. मालकांना इथं सगळे अरबाब म्हणतात. अरबाब म्हणाले, "खलास. पट्टा मार."

सकाळी गुंडूची बायको मथुरा पोराला कडेवर घेऊन चहा द्यायला आली. पट्टा बघून तिचं तोंडच उतरलं.

"अहो, हिची आय किती वर्सांची हुती पहिल्या वेताला?"

"मला काय ठावं? मी आलो तवा तिच्या पुढ्यात वासरू हुतंच."

"न्हाई, मी बी उशिराच शहाणी झाले. माझी आय बी तशीच. आज्जीसुदीक."

"गाईशी बरोबरी करतीस व्हय गं? चारचौघांत बोलू नको हां असलं!"

"हितं चारचौघं कोन हाईत? तुमी आन् गुरं."

गुंडू हसला. "कुनी जाणत्यानं सांगितलं तर टाकीन की शब्द अरबाबकडं. बायकू म्हनतीया म्हणून कसं सांगू?"

मथुरेनं नेमकं तेच विचारलं होतं, ज्याचं उत्तर एकट्या मला ठाऊक. पण मला वाचा कुठली! मी जीव तोडून हंबरले. गुंडूला वाटलं भूक लागली. त्यानं पेंड टाकली.

अहो, माझ्याही पाठीवर असाच पट्टा ओढायचा ठरला होता. तीन वर्षं उलटली तरी माझ्या माजाचा काही पत्ता नव्हता. तेव्हा आताच्या अरबाबांचे वडील गोठा बघत आणि डॉक्टर सदानंद आम्हाला तपासायला येत. हात घालून त्यांनी मला नीट तपासलं आणि म्हणाले, "हे रक्तातच असतं. उष्ण मुलखातली ही जात मुळात वयात उशिरा येते, त्यातही काही घराण्यांत फारच उशिरा. पण उशिरा म्हणजे वांझ नव्हे. हिच्यासाठी थोडं थांबा. फक्त पुढं सांड निवडून लावा, ज्याच्या लेकी लवकर वयात येतात असा."

म्हातारे अरबाब थांबले. काही महिन्यांतच मी माजावर आले. भुरी माझं तिसरं वासरू. पण सांड काही कुणी निवडला नाही. शेजारचाच आणला, आणि त्याच्याही लेकी उशिराच्या. म्हणजे भुरीला हे आईकडूनही आलं नि बापाकडूनही. तिचं काय चुकलं यात?

पुढं म्हातारे अरबाब वारले, डॉक्टरांनी नोकरी बदलली, आणि त्यानंतर गुंडू आला. माझी गोष्ट त्याला सांगायला कुणी उरलंच नाही.

डॉक्टर सदानंद हल्ली बुसैतीनला राहतात, असं गॅरेजवाला अन्सार मागं कुणाशी तरी बोलताना मी ऐकलं. तुमच्यापैकी कुणी मुहर्रकचा पूल ओलांडून तिकडं जाणार असाल, तर त्यांचं दार तेवढं वाजवा. म्हणावं, तुबलीची ती गाय आठवते का? तिच्या लेकीला पट्टा लागलाय. गाडी यायच्या आत गुंडूला एवढंच सांगा, हिची आईसुद्धा उशिराच माजावर आली होती.