दाढेखालची सुपारी

बदलापूर गावात हिंदुरावाला कोण भीत नसे ते सांगा. बारवीच्या रानातून उतरलेला बिबट्या गोठ्यात शिरला तेव्हा नुसती काठी घेऊन हाच आत गेला होता. नागाची शेपटी धरून त्याला ओढ्यापलीकडे भिरकावणारा हाच. कुस्तीच्या फडात त्याने शड्डू ठोकला की समोरच्याचे निम्मे अवसान तिथेच गळायचे. असा हा गडी गेले दोन महिने उजव्या गालाला हात लावून ओसरीवर बसला होता. विचारले की म्हणायचा, "इचार करतोय."

विचार कसला कर्माचा! दाढ किडली होती. पाणी लागले तरी कळ मस्तकात जायची आणि ते कबूल करायला गड्याला लाज वाटत होती.

दुखणे त्याच्यापुरतेच असते तर वर्षभर तसाच बसला असता. पण मोठी मुलगी राही सतरा वर्षांची झाली होती. वांगणीचे हरिचंद्र आपल्या पुतण्यासाठी, मधुसाठी, तिला मागणी घालून गेले होते. बोलणी सगळी झाली होती, उरली होती फक्त सुपारी. आणि हिंदुरावाच्या घराण्यात सुपारी अडकित्त्याने फुटत नसे. मुलीच्या बापाने ती दाढेखाली घालायची आणि चार माणसांदेखत कडकन फोडायची. आवाज अंगणापर्यंत गेला की सोयरीक पक्की. घाटावरून उतरताना वाडवडलांनी भांडीकुंडी वाटेत टाकली, पण ही रीत तेवढी डोक्यावर घेऊन आले.

बरे, डाव्या बाजूने फोडावी म्हटले तर डावीकडे लहानपणापासून दोन दाढांचे खिंडार. आणि उजवीकडे ही आग. मग काय, एकदा अमावस्या आडवी आली, एकदा चुलत्याचे सुतक निघाले. तिसऱ्यांदा कारण सुचेना तेव्हा म्हैस आजारी पाडली. शेवटी हरिचंद्रांचा निरोप आला, "पुनवेला सुपारी फुटली तर फुटली. नायतर आमी जांभूळ गावची पोरगी बघतो."

पुनवेला सतरा दिवस होते.

"बिबट्याला काठी दाखवतंय मानूस आनि दाढंला भितंय," त्याची बायको गोजरबाई चुलीपुढून म्हणाली.

"कोन भितंय?" हिंदुराव ओरडला, आणि त्या ओरडण्याने अशी कळ आली की बिचारा खांबाला धरून खाली बसला.

उल्हासनगरच्या कॅम्पात फाळणीनंतर आलेला एक सिंधी दातांचा डॉक्टर आहे, लेखराज नावाचा, असे त्याला कळले होते. पहिल्या खेपेला हिंदुराव निघाला तो अंबरनाथच्या शंकरापुढे जाऊन बसला. दोन तास बसला. देवाने दाढ काढली नाही, पण काढून घे असेही सांगितले नाही. एवढा आधार घेऊन गडी घरी परतला. डॉक्टरला वेळ नव्हता, म्हणाला.

दुसऱ्या खेपेला गोजरबाईने निघतानाच बजावले, "दाढ रुमालात बांधून आना. मला बघायची हाय."

दवाखाना म्हणजे लष्कराने सोडलेल्या बराकीतली अर्धी खोली. मध्ये पडदा, पलीकडे डॉक्टरची बायको पापड लाटत होती. इकडे एक लोखंडी खुर्ची आणि पायाने फिरवायचे एक यंत्र. ते यंत्र बघून हिंदुरावाने एकदा दाराकडे बघितले. तरी बसला. डॉक्टरने गळ्यात टॉवेल बांधला आणि गोड आवाजात म्हणाला, "घबराओ मत साईं, सिर्फ देखूँगा."

झाले! हिंदुराव ताडकन उठला. खुर्ची कलंडली, वाटीतले पाणी सांडले, आणि हा पहिलवान गळ्यात टॉवेल घेऊन टांग्याच्या अड्ड्यापर्यंत पळाला. मागून डॉक्टर धापा टाकत आला.

"साईं, टॉवेल! दोच टॉवेल हैं मेरे पास!"

हिंदुरावाने टॉवेल सोडला. गाठ सोडायला तीनदा खटपट करावी लागली. डॉक्टरने ते पाहिले. हसला नाही. बाजूच्या दगडावर बसत म्हणाला, "पहले किसने निकाला था दाँत?"

आणि चाळीस वर्षांच्या आयुष्यात जे बायकोलाही सांगितले नव्हते ते हिंदुरावाने टांग्याच्या घोड्यासमोर सांगून टाकले. तो बारा वर्षांचा होता. दाढ दुखत होती. बाप म्हणाला, "चल, रघु लोहाराकडं. नुसतं बघतो तो." लोहाराच्या भात्यापाशी नेऊन बापाने त्याला उताणा पाडला आणि छातीवर बसला. रघुही म्हणाला, "नुसतं बघतो रं," आणि सांडशी तोंडात घातली. पहिल्यांदा चुकीची दाढ आली. मग बरोबरची. ओरडायची सोय नव्हती, कारण तोंडात सांडशी आणि छातीवर बाप.

"सांडशीचं कायबी नाय हो," हिंदुराव म्हणाला, आणि म्हणताना त्याचे त्यालाच नवल वाटले. "पर खोटं का बोलले?"

डॉक्टरने खिशातून एक मोठी किल्ली काढून दाखवली. "सिंधमधलं, शिकारपूरचं घर. सब बोले, कुलूप लावा, थोडे दिन की बात है. सहा वर्षं झाली." किल्ली परत खिशात गेली. "ठीक आहे. मीपण झूठ बोललो. आता सच सांगतो. सुई दुखणार. मग दाँत निकालूँगा, तेव्हा दुखणार नाही, पण आवाज येईल, कडकड. तुम हाथ ऊपर करो, मी थांबणार."

"आन नाय थांबलात तर?"

"तो टॉवेल तुम्हारा."

हिंदुराव परत जाऊन खुर्चीत बसला. सुई दुखली, सांगितली होती तेवढीच दुखली. डॉक्टरने चिमटा हातात घेतला आणि हिंदुरावाने हात वर केला. डॉक्टर थांबला. पुन्हा चिमटा, पुन्हा हात. पुन्हा थांबला. पडद्यापलीकडे लाटणेही थांबायचे. पाच वेळा त्याने हात वर केला आणि पाचही वेळा तो सहा फुटांचा डॉक्टर मुकाट मागे सरला. सहाव्यांदा हात वर करायचा तो विसरला. कडकड झाले आणि दाढ वाटीत पडली. हिंदुरावाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिले. ते दुखण्याचे नव्हते.

"आठ दिवस कडक काही नको," डॉक्टर म्हणाला, आणि सुपारीचे विचारल्यावर हसला. "बाजूवाले दाँत पक्के आहेत. सुपारी फोडा, दगड फोडा."

पुनवेला दहा दिवस उरले होते. म्हणजे गणित बसत होते. हिंदुराव मिशीला पीळ देत घरी आला. गोजरबाईने रुमाल सोडून दाढ नीट उलटसुलट बघितली आणि मगच त्याला घरात घेतले.

राही रोज त्याला तांदळाची पेज आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी पेज ठेवून ती आत गेल्यावर गोजरबाई हळूच म्हणाली, "पोरीला सांगितलंय का, पुनवेला काय हाय ते?"

"सांगितलंय की. वांगणीचे लोक येनार हायेत, नुसतं बघायला."

बोलला आणि तिथेच थबकला. हातातली पेज खाली ठेवली. आवाज त्याचा होता, पण बोलत होता बाप, लोहाराच्या भात्यापाशी उभा राहून. त्या रात्री हिंदुराव जेवला नाही. गोजरबाईला वाटले, दाढेची जागा ठणकते आहे.

पुनवेला ओसरीवर माणसे जमली. हरिचंद्र नवा फेटा बांधून आले होते, चार भाऊबंद बरोबर होते, फक्त मधु तेवढा नव्हता. मुलगा आणायची रीत नव्हती. तबकातली सुपारी हिंदुरावाने उचलली, दाढेखाली धरली, आणि तशीच गालात सरकवून हाक मारली.

"राही, भाईर ये."

राही दारात येऊन उभी राहिली, पदर हातात घट्ट धरून.

"पोरी, मी तुला खोटं बोललो. हे लोक बघायला नाय आले. मी सुपारी फोडायला बसलोय. फुटली की तुझं लगीन ठरलं. तुला थांबवायचं असंल तर हात वर कर. मी थांबीन."

ओसरीवर कोणीतरी फिदीफिदी हसले. हरिचंद्र म्हणाले, "अहो, पोरींना काय इचारायचं असतं? फोडा, फोडा."

हिंदुरावाने दात आवळले. सुपारी करकरली. आणि राहीचा हात वर गेला, आधी खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर.

हिंदुरावाच्या कपाळावर घाम आला. इतकी भीती त्याला खुर्चीतही वाटली नव्हती; तिथे निदान गाव बघत नव्हते. पण त्याने तोंड उघडले, अख्खी सुपारी तळहातावर घेतली आणि म्हणाला, "थांबलो. बोल."

"मला पोरगा बघायचाय," राही म्हणाली. "आनि दोन गोष्टी इचारायच्यात. मग सांगंन."

"आमच्यात अशी रीत नाय!" हरिचंद्र उसळले. "मग आमाला जांभूळ हाय!"

"आमच्यातबी नव्हती," हिंदुराव म्हणाला. "जांभूळला जायचं तर खुशाल जावा. यायचं तर रविवारी पोराला घेऊन यावा."

हरिचंद्रांनी हिंदुरावाकडे बघितले, बिबट्याची गोष्ट त्यांनीही ऐकली असणार. फेटा सारखा केला. "रविवारी दुपारी चालंल का?" ते म्हणाले.

चहाची हाक गेली. तेवढ्यात हिंदुरावाचे लक्ष दाराकडे गेले. राहीने हात कधीच खाली घेतला होता. पण तिच्या मागे, चौकटीला टेकून, गोजरबाईने हात वर धरला होता.

"तुझं काय आता?" तो गोंधळून म्हणाला.

"माझं काय नाय," गोजरबाई म्हणाली. "माझ्या बापानं सुपारी फोडली तवा मला कोनी इचारलं नव्हतं. बावीस वर्सं ऱ्हायला होता, तेवढा वर केला."

ओसरीवर कोणी हसले नाही. हिंदुरावाने सुपारी तबकात ठेवली आणि बायकोला बसायला आपल्या शेजारी जागा करून दिली.