विसरभोळी भिमाबाई

रंगनाथच्या मते घरात सगळं झकास चाललं होतं, बिघडलं होतं ते फक्त भिमाबाईचं डोकं.

सुप्याच्या कारखान्यातून रिटायर होऊन पारनेरजवळच्या आपल्या गावी आला, तो गडी टीव्हीसमोरच्या खाटेला चिकटला तो चिकटलाच. चहा खाटेवर, जेवण खाटेवर. मध्येच सुनेला, रुपालीला, बहिणीच्या नावानं हाक मारायचा. विहिरीवरची मोटार चालू ठेवून घरी यायचा. पण ते जाऊ द्या, ह्या वयात एवढं चालायचंच, असं त्याचं म्हणणं. बायकोचं मात्र भलतंच. एवढी चोख बाई, पण उन्हाळ्यापासून रोज काहीतरी विसरायला लागली. आज मीठ, उद्या जिरं, परवा काडेपेटी. आणि दुकान कुठं, तर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

मग काय, रंगनाथ कुरकुरत निघायचा. वाटेत पारावर मच्छिंद्र आणि मंडळी हटकायची, बसवून घ्यायची. कांद्याचा भाव, कुणाची सोयरीक, पत्त्यांचा डाव. हरला की रंगनाथचं टाळकं फिरायचं आणि दुसऱ्या दिवशी उट्टं काढायला तो आपणहून लवकर निघायचा. दिवाळीपर्यंत कुणी कुठलं पान टाकलं ते त्याच्या डोक्यात पक्कं बसायला लागलं. पोट उतरलं, झोप लागू लागली. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. जिवाला घोर लागला होता तो बायकोचा. शेवटी तिला नगरला मेंदूच्या डॉक्टरकडं न्यायचं त्यानं ठरवलं.

ती बचत गटात गेली होती. तिचं आधार कार्ड शोधायला त्यानं पत्र्याची पेटी उघडली. आत मिठाचे पुडे, जिऱ्याच्या पुड्या, काडेपेट्या. पेटी गच्च भरलेली. सगळं त्यानंच आणलेलं, एकही पुडा फोडलेला नव्हता. चालू राहिलेली मोटार आठवली, रुपालीचा पडलेला चेहरा आठवला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

भिमाबाई दारात आली. उघडी पेटी बघून तिथंच थांबली.

"म्हंजी तुला काय झालेलं न्हाई?"

"मला काय हुतंय? भ्या वाटलं हुतं मला. सुनेचं नाव इसरला, उद्या माझं इसरला असता तर?"

 रंगनाथनं पेटीचं झाकण लावलं, पायात चपला घातल्या.

"आज काय इसरलीस?"

"साखर," ती म्हणाली.

फळीवरचा साखरेचा डबा काठोकाठ भरलेला त्याला दिसत होता. त्यानं पिशवी उचलली आणि निघाला.